चूक कोणाला विचारावी?

(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषणाचा लेखी मजकूर)



संगणक क्षेत्रातील संधी या विषयावर मी बोलावे, असे कार्यकारिणीने सुचविले होते. परंतु संधींची माहिती आपल्या मुलांना माझ्यापेक्षा अधिक आहे. ॲमेझॉन कंपनीने २०१९ साली आपल्या संगणक-सेवेचे मध्यपूर्वेतील पहिले केंद्र याच बेटावर उघडले, हे मला माझ्या पुतण्याने सांगितले. मी वृत्तपत्रात नंतर वाचले. म्हणून कार्यकारिणीची क्षमा मागून मी विषय थोडा बदलून घेतला आहे. संगणकाची आज्ञावली लिहिणे, ज्याला आपण बोलताना प्रोग्रामिंग म्हणतो, ही एक कारागिरी आहे. सुताराची, गवंड्याची असते तशी. ती शिकण्यासाठी पुस्तके मिळतात, वर्ग मिळतात, घरबसल्या व्याख्यानेही ऐकावयास मिळतात. आपण लिहिलेले कोठे चुकले आहे हे नेमकेपणाने सांगणारा माणूस मात्र तसा सहज मिळत नाही. तो शोधावा लागतो आणि त्याला विचारावे कसे हेही शिकावे लागते. मी ते फार उशिरा शिकलो. कसे, ते सांगतो.

मी १९९४ साली बहरैनला आलो. एका बांधकाम कंपनीच्या हिशेब विभागात मला नोकरी मिळाली. कंपनीचे नाव येथे महत्त्वाचे नाही, कारण चूक माझी होती. १९९६ साली कामगारांच्या पगाराचा हिशेब संगणकावर आणण्याचे ठरले आणि ते काम माझ्याकडे आले. त्या काळी आमच्याकडे फॉक्सप्रो चालत असे. मी भारतात दोन वर्षे फॉक्सप्रोच शिकलो होतो, त्यामुळे मोठ्या उत्साहाने रात्री जागून पगाराची आज्ञावली लिहिली. पडदा निळा, अक्षरे पिवळी, भोवती दुहेरी चौकट. खोलीवरच्या मित्रांना दाखविली. "कशी वाटते?" असे विचारले. सर्वांनी "फारच छान" म्हटले. हिशेब विभागातील सहकाऱ्याला दाखविली. त्यानेही मान डोलावली. पहिला पगार वाटला गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक फिटर माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. मूळचे नांदेडकडचे, माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे. आम्ही सारे त्यांना दादा म्हणत असू. ते मात्र मला साहेब म्हणत, आणि तेव्हा ते मला आवडत असे, हेही कबूल करतो. त्यांच्या हातात पगाराची चिठ्ठी आणि एक छोटी डायरी होती. ते म्हणाले, "साहेब, तुमच्या मशिनीत पैसे कुठंतरी सांडतात." मी म्हणालो, "दादा, कॉम्प्युटर चुकत नाही." ते काही बोलले नाहीत. डायरी टेबलावर ठेवून निघून गेले.

त्या डायरीत पेन्सिलीने महिन्याचे सगळे जादा तास लिहिले होते. एकूण ६०. पगार ७५ दिनार. महिन्याचे ३० दिवस, दिवसाचे ८ तास, म्हणजे २४० तास; जादा तासाला सव्वापट दर. दादांनी हिशेब दिनारमध्ये केलाच नव्हता. त्यांनी ७५ हजार फिल्स धरले होते. त्याला २४० ने भागून तासाला ३१२ फिल्स आणि वर अर्धा. त्याचे ६० तास, त्यावर चौथाई. उत्तर २३ दिनार ४३८ फिल्स. माझ्या चिठ्ठीवर होते २३ दिनार २५० फिल्स. फरक १८८ फिल्सचा. त्या वेळच्या दराने अर्धा डॉलर, म्हणजे सतरा-अठरा रुपये.

तीन दिवस मी ती आज्ञावली तपासत होतो. रुपयाचे शंभर पैसे होतात, म्हणून भारतात पैशाच्या रकान्याला दशांशानंतर दोन घरे ठेवावयाची, हे माझ्या हाताला वळण पडले होते. येथे दिनारचे हजार फिल्स होतात. घरे तीन लागतात. बाजारात रोज फिल्स मोजूनही माझ्या ते लक्षात आले नव्हते. ताशी दर ०.३१२५ यावयाचा, तो मी दोन घरांच्या रकान्यात ठेवताच ०.३१ झाला होता आणि पुढचा सगळा गुणाकार त्या कापलेल्या आकड्यावर चालला होता. दुरुस्तीही अखेर दादांच्याच पद्धतीने झाली. सर्व रकमा फिल्समध्ये धरावयाच्या, मधल्या पायरीवर काही कापावयाचे नाही, पूर्णांक करावयाचा तो अगदी शेवटी. पैशाचा हिशेब सर्वांत लहान नाण्यात, पूर्णांकात ठेवावा, हे पुढे मला चांगल्या पुस्तकांतही वाचावयास मिळाले. दादांना ते कोणी शिकविले नव्हते.

आणखी एक गोष्ट त्या तीन दिवसांत दिसली. ज्यांचा पगार ९० दिनार होता, त्यांचा ताशी दर ३७५ फिल्सऐवजी ३८० झाला होता. त्यांना जास्त पैसे गेले होते. त्यांच्यापैकी कोणीही डायरी घेऊन आले नव्हते. तेव्हापासून मी एक खूणगाठ बांधली आहे: आपल्या कामाने ज्याचे नुकसान होऊ शकते त्याला आधी विचारावे. त्याच्याइतके बारकाईने दुसरे कोणी पाहत नाही.

आता आपण विचाराल, पगाराचा एवढा प्रोग्राम लिहिला, तर तो कोणा जाणत्या माणसाला आधी का दाखविला नाही? कार्यालयात जाणता माणूस होता. माझे वरिष्ठ, एक बहरैनी गृहस्थ, संगणकाचे उत्तम जाणकार होते. पण मी त्यांना मुद्दामच टाळले होते. त्यामागचे कारण सांगणे मला आजही सोपे नाही, आणि आजचे भाषण मी त्याच्यासाठीच स्वीकारले आहे.

मी मराठवाड्यातील एका संस्थेत संगणक शिकत असताना माझ्या प्रात्यक्षिकाच्या वहीवर एका अध्यापकांनी शेरा दिला होता: "हे तुमच्यासारख्यांचे काम नव्हे." प्रोग्राममध्ये काय चुकले होते, हे त्यांनी लिहिले नव्हते, मला ते आजतागायत कळलेले नाही. 'तुमच्यासारख्यांचे' या शब्दाचा अर्थ मात्र वर्गात सर्वांना कळला होता. या सभागृहात बसलेल्या माझ्या पिढीतील पुष्कळांकडे अशी एखादी वही असेल. पुढे १९९५ साली, येथे नोकरीला लागल्यावर, माझ्या त्या बहरैनी वरिष्ठांनी माझा एक कागद परत पाठविला. त्यावर लाल शाईने लिहिले होते: चाळिसाव्या ओळीत कामाचे दिवस शून्य आले तर शून्याने भागाकार होईल, तपासले का? मी तो कागद घडी करून खिशात घातला आणि दोन दिवस त्यांच्याशी धड बोललो नाही. माझ्या मनाने दोन्ही शेरे एकाच खणात टाकले होते. त्यानंतर मी त्यांना काही दाखविणेच सोडले आणि ज्यांच्याकडून 'छान' मिळणार याची खात्री होती त्या मित्रांना दाखवू लागलो. त्याची किंमत दादांनी भरली, १८८ फिल्स.

ते दोन कागद मी पुढे कधीतरी मनात शेजारी-शेजारी ठेवून पाहिले. पहिल्या शेऱ्यातून मला वगळले, तर काहीच उरत नाही. दुसऱ्यातून मला वगळले, तरी चाळिसावी ओळ उरते. आता कोणीही काही म्हटले, म्हणणारा कितीही कडू बोलो, मी एवढेच पाहतो की माझे नाव काढून टाकल्यावर त्यात ओळ उरते काय. उरत असेल तर ती लिहून घेतो. उरत नसेल तर तो अभिप्राय नव्हेच. त्याच्याशी लढावयाचे असेल तर अवश्य लढावे, पण ते प्रोग्रामच्या वहीत नव्हे. अर्थात हे बोलावयास सोपे आहे. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या माणूस म्हणूनच नापास केले गेले, त्याला कामातील चूक दाखविणाऱ्याचा हातही उगारलेला वाटतो. त्यात त्याचा दोष नाही. पण नुकसान त्याचेच होते.

हा भेद किती काटेकोरपणे पाळता येतो, हे बाबासाहेबांच्या चरित्रात स्पष्ट दिसते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध १९२२ साली सादर केला. परीक्षकांना तो तसाच मान्य झाला नाही. बाबासाहेबांनी तो पुन्हा लिहिला, निष्कर्ष मात्र सोडले नाहीत, आणि १९२३ मध्ये त्यांना डी.एस्सी. ही पदवी मिळाली. त्याच वर्षी तो ग्रंथरूपाने लंडनमध्ये निघाला. त्याच्या प्रास्ताविकात त्यांनी आपले मार्गदर्शक प्राध्यापक एडविन कॅनन यांचे आभार मानले आहेत ते कशासाठी, हे मुद्दाम पाहावे. कॅनन यांनी सैद्धांतिक विवेचनाची कठोर तपासणी केली आणि त्यामुळे आपण पुष्कळ चुकांतून वाचलो, असे ते सांगतात. त्याच ग्रंथाला कॅनन यांची प्रस्तावना आहे, आणि तीत ते लेखकाची बहुतेक मते आपणास मान्य नाहीत असे स्वच्छ लिहितात. विचारांच्या ताजेपणाची दादही देतात. आपल्याशी असहमत असणाऱ्या गुरूकडून चुका काढून घ्यावयाच्या आणि त्याची असहमती ग्रंथाच्या दारात छापावयाची! जाता जाता सांगतो, रुपयाचा हा प्रश्न बहरैनला परका नाही. १९६५ साली दिनार येईपर्यंत येथे रुपयाच चालत असे. दहा रुपयांचा एक दिनार धरला गेला. जुनी बहरैनी माणसे अजूनही शंभर फिल्सला रुबय्या म्हणतात ते त्यामुळेच.

याच्या उलट प्रसंग १९३६ चा. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलाविले आणि छापील भाषण पाहिल्यावर त्यातील काही भाग गाळण्याची इच्छा दर्शविली. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलण्यास नकार दिला. संमेलन झाले नाही. भाषण त्यांनी स्वखर्चाने प्रसिद्ध केले. कॅनन चुका काढीत होते, मंडळाला ते भाषण सौम्य हवे होते. एकाचे ऐकले, दुसऱ्याचे ऐकले नाही. पुढे गांधीजींनी त्या भाषणावर टीका केली, तेव्हा १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी ती टीका स्वतःच्या उत्तरासह छापली. विरोधकाचे म्हणणे वाचकापासून लपविले नाही.

संगणकाच्या क्षेत्रातही अशी माणसे आहेत. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे डोनाल्ड कनूथ यांनी आपल्या ग्रंथांत चूक दाखविणाऱ्याला दोन डॉलर छप्पन सेंटचा धनादेश पाठविण्याची प्रथा ठेवली. दोनशे छप्पन ही संगणकवाल्यांची आवडती संख्या. पुष्कळांनी ते धनादेश वटविलेच नाहीत, चौकटीत लावून ठेवले. २००८ पासून ते खऱ्या धनादेशाऐवजी एका काल्पनिक बँकेचे प्रमाणपत्र पाठवू लागले. छपाईसाठी त्यांनी 'टेक' नावाची जी आज्ञावली लिहिली, तिच्यातील चुकांची नोंदवही ते १९७८ पासून ठेवीत आले आणि १९८९ साली त्यांनी ती जगासमोर ठेवली. जेराल्ड वाईनबर्ग यांच्या १९७१ च्या पुस्तकात दुसरा एक किस्सा आहे. एका प्रोग्रामरने आपल्या तेरा ओळी सहकारी स्त्रीला तपासावयास दिल्या. तिने सतरा चुका काढल्या. तो खिन्न झाला नाही. दिवसभर तो जो भेटेल त्याला हसत हसत हीच गोष्ट सांगत राहिला. मला ते जमले असते तर दादांना डायरी ठेवून जावे लागले नसते.

आता प्रत्यक्ष विचारावे कसे, याबद्दल. गेल्या वर्षी आपल्यातीलच एक मुलगी माझ्याकडे आली. मुलांच्या मराठी वर्गासाठी तिने कुटुंबांची यादी करणारी एक आज्ञावली लिहिली होती: नाव, मोबाईल, मूळ गाव. तिने विचारले, "काका, कसे झाले आहे?" मी दीड मिनिट पाहिले आणि म्हणालो, "छान." घरी गेल्यावर मला स्वतःची लाज वाटली. तीस वर्षांपूर्वी मित्रांनी मला जे दिले होते, तेच मी तिला दिले होते. आपण वडीलधारी माणसे मुलांना असे 'छान' फार वाटतो. त्यात माया असते, पण तिचा त्या मुलांना उपयोग शून्य.

आठ दिवसांनी ती पुन्हा आली, आणि या वेळी तिने प्रश्न बदलला होता. "काका, मूळ गावावरून शोध घेतला तर एखादे कुटुंब सुटते का, एवढेच बघा. मी दहा गावे तपासली, ती बरोबर आली." पाहा, काय तपासावयाचे ते तिने सांगितले, तिने स्वतः काय तपासले तेही सांगितले. आता मला 'छान' म्हणून सुटता येईना. तरीही मला काही सापडले नाही. मग मी तिला शेजारच्या आजींकडे घेऊन गेलो आणि एकच अट घातली: आजी वापरत असताना तू बोलावयाचे नाही, बोट दाखवावयाचे नाही.

आजींनी आपल्या मोबाईलवर सावकाश टाइप केले: कऱ्हाड. पडद्यावर आले, कोणी नाही. आजी म्हणाल्या, "अगं, कोणी नाही कसं? माझा मुलगाच आहे की त्यात!" मुलगी बोलावयास निघाली होती, मी खूण केली, ती थांबली आणि वहीत लिहून घेतले. शोधाशोध केल्यावर कारण सापडले. 'कऱ्हाड' मधला ऱ्ह संगणकात दोन प्रकारे साठविता येतो. एका प्रकारात खाली टिंब असलेला र आणि हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मागे एक न दिसणारे जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही एकच. यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. यादी एका कळफलकावर भरली गेली होती, आजींचा मोबाईल दुसऱ्या प्रकारे लिहीत होता. आता तिची आज्ञावली शोधण्यापूर्वी दोन्ही रूपे एक करून घेते. इंग्रजीत शिकलेल्या दहा अभियंत्यांना ती चूक दिसली नसती, कारण त्यांच्यापैकी कोणी कऱ्हाड शोधले नसते.

आजची मुले मला सांगतात की माणसाला विचारण्याची गरजच काय, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला आज्ञावली दाखविली की ते चुका सांगते. मी ते वापरून पाहिले आहे. शून्याने होणारा भागाकार ते क्षणात दाखविते, आणि तेही अपमान न करता. माझ्या तरुणपणी ते असते तर माझे पुष्कळ भले झाले असते. परंतु "कसे वाटते?" असे विचारले, तर तेही बहुधा माझ्या मित्रांसारखेच बोलते. ही रक्कम दिनारमध्ये आहे, शेवटी माणसाच्या हातात फिल्स पडणार आहेत, तीन घरांत हिशेब बरोबर येतो का, असे विचारले तर ते कामाचे उत्तर देते. म्हणजे प्रश्न नेमका करण्याचे काम आपल्याकडेच राहिले. आणि दादांची डायरी त्याच्यापाशी नाही. येथे २०२२ साली सुरू झालेल्या रिबूट या संस्थेत शिक्षकांच्या व्याख्यानांऐवजी विद्यार्थ्यांनी परस्परांचे काम तपासण्यावर भर आहे, तो मला याच कारणाने योग्य वाटतो. दुसऱ्याची चूक शोधताना आपलीही दिसू लागते.

शेवटची गोष्ट आपण ज्येष्ठांसाठी. वर्षावास संपतो तेव्हा आश्विन पौर्णिमेला भिक्खू संघात पवारणा होते, हे आपण जाणतो. प्रत्येक भिक्खू संघाला विनंती करतो की माझ्याकडून काही चुकलेले आपण पाहिले असेल, ऐकले असेल किंवा आपणास तशी शंका असेल, तर मला सांगा. तीन महिने एकत्र राहिलेल्या माणसांना हे विचारावयाचे असते, वाटसरूंना नव्हे. विनयातील क्रम असा आहे की ही विनंती प्रथम स्थविर भिक्खू करतो, नवदीक्षित त्याच्यानंतर. आपल्या घरांत क्रम नेमका उलटा असतो. गुणपत्रिका मुलाची पाहिली जाते. वडिलांच्या कामात काय चुकले, हे मुलाने कधी ऐकलेले नसते.

म्हणून मी आज पगाराची ती जुनी आज्ञावली बरोबर आणली आहे. कडेला भोके असलेला लांबलचक कागद आहे, शाई फिकी झाली आहे, पण वाचता येते. चहाच्या टेबलाशेजारी ती पसरून ठेवली आहे आणि जवळ लाल पेन्सिली ठेवल्या आहेत. दोन चुका मी आपणास सांगितल्या. तिसरी मला अलीकडेच सापडली, ती मी सांगणार नाही. चौथी असल्यास मुलांनी जेवणापूर्वी मला येऊन सांगावी. मी मागच्या रांगेत, दाराजवळ बसलेला असेन.

जय भीम.